वाचकांचे प्रश्न : पक्ष्यांसाठी कॅमेरा निवडताना

हिवाळी पाहुणे पाणथळींवर उतरू लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. यंदाच्या पत्रांत ‘कोणता कॅमेरा घ्यावा’ हा एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हांनी विचारला गेला आहे. बहुतेकांनी कॅमेऱ्यांची नावे, त्यांचे मेगापिक्सेल आणि दुकानातले भाव काळजीपूर्वक लिहिले आहेत. आपण पक्षी कुठे, किती अंतरावरून आणि दिवसाच्या कोणत्या वेळी पाहतो हे मात्र फारच थोड्यांनी कळवले आहे. पहिले पत्र त्याला अपवाद आहे, म्हणून त्याचे उत्तर सर्वांत सविस्तर दिले आहे.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून माझे वय ६४ आहे. सकाळी हिप्परगा तलाव, अधूनमधून नान्नजचे माळरान आणि वर्षातून एकदोनदा भिगवण, एवढाच माझा परिसर आहे. उजवा खांदा दुखतो, त्यामुळे फार वजन पेलवत नाही. दीड लाखापर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. दुकानदाराने ३००० मिलिमीटर झूमचा निकॉनचा पी १००० दाखवला आणि त्यातून चंद्रावरची विवरेही दिसतात असे सांगितले. मुलाचे म्हणणे असे की लेन्स बदलता येणारा, आत आरसा नसलेला मिररलेसच घ्यावा, भले झूम कमी मिळो. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे ऐकावे असे मला वाटते, परंतु दुकानदाराचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

आधी ३००० या आकड्याचा उलगडा करू. पी १०००च्या लेन्सची खरी कमाल लांबी, म्हणजे नळीची नव्हे तर तिचे नाभीय अंतर (फोकल लेंथ), ५३९ मिलिमीटर आहे. त्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर नखाएवढा, सुमारे ६.२ मिलिमीटर रुंदीचा असल्यामुळे चौकटीत दृश्याचा अगदी लहान तुकडा मावतो. तेवढाच तुकडा ३६ मिलिमीटर रुंदीच्या फुल फ्रेम सेन्सरवर भरायचा तर ३००० मिलिमीटरची लेन्स लागली असती, इतकाच त्या आकड्याचा अर्थ. सेन्सरवर पक्ष्याची प्रतिमा किती मोठी पडेल हे लेन्सची खरी लांबी आणि पक्ष्याचे अंतर या दोनच गोष्टींवर ठरते. १० सेंटिमीटरचा शिंजीर १० मीटरवर बसला असेल तर ४०० मिलिमीटरच्या लेन्समधून त्याची प्रतिमा ४ मिलिमीटरची पडते, पी १०००मधून सुमारे ५.४ मिलिमीटरची. फरक आहे, पण ३००० आणि ४०० या आकड्यांवरून वाटतो तेवढा मुळीच नाही.

प्रकाशाचाही असाच हिशेब मांडता येतो. लेन्सची लांबी भागिले एफचा आकडा केला की प्रकाश ज्या छिद्रातून आत येतो त्याचा व्यास मिळतो. पी १००० पूर्ण झूमवर एफ ८ असतो, म्हणजे छिद्र सुमारे ६७ मिलिमीटरचे. आपल्या चिरंजीवांच्या मनात बहुधा कॅननची १००-४०० मिलिमीटरची झूम लेन्स असावी. तीही ४०० मिलिमीटरवर एफ ८च असते, म्हणजे छिद्र ५० मिलिमीटरचे. तेव्हा कोवळ्या उन्हात स्वस्थ बसलेल्या, दूरच्या पक्ष्याच्या बाबतीत दुकानदाराचा कॅमेरा हरत नाही. मात्र त्याचे पिक्सेल इतके बारीक आहेत, सुमारे १.३ मायक्रॉन, की एफ ८ला प्रकाशाच्या लहरी स्वभावामुळे पडणारा लहानात लहान ठिपकादेखील सात-आठ पिक्सेलांवर पसरतो. त्यामुळे १६ मेगापिक्सेल कागदावर असले तरी चित्रात तेवढा तपशील नसतो आणि ते कडेने कापून (क्रॉप करून) आणखी मोठे करण्यात अर्थ उरत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. पक्षी फांदीवर येतो, शेपटी हलवतो आणि उडतो. या दोन-तीन सेकंदांत कॅमेरा सुरू होऊन झूम बाहेर यावा लागतो, पक्षी चौकटीत सापडावा लागतो आणि फोकस लागावा लागतो. पूर्ण झूमवर १०० मीटर अंतरावर पी १०००च्या चौकटीत सव्वा मीटर रुंदीचादेखील भाग मावत नाही. भिगवणला हलत्या नावेत बसून एवढ्याशा चौकटीत उडता कुरव शोधणे म्हणजे सुईच्या नेढ्यातून माशी पकडण्याचा प्रकार आहे. शिवाय हा कॅमेरा सेकंदाला ७ या गतीने ७ छायाचित्रे घेतली की ती साठवण्यासाठी थांबतो, आणि नेमका त्याच वेळी खंड्या पाण्यात सूर मारतो. हा अनुभव मी एकदा नव्हे, बरेचदा घेतला आहे, कारण या जातीचा कॅमेरा मीही काही वर्षे वापरला.

कॅननची आर १० बॉडी आणि आरएफ १००-४०० लेन्स ही जोडी भाव थोडे पुढेमागे धरले तरी आपल्या मर्यादेच्या आसपास बसावी. बॅटरीसह बॉडीचे वजन ४२९ ग्रॅम आणि लेन्सचे ६३५ ग्रॅम, म्हणजे एकूण एक किलोहून किंचित अधिक; पी १००० एकटाच १.४ किलोचा आहे. आपल्या खांद्यासाठी हा फरक झूमच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे. या बॉडीतील ऑटोफोकस प्राणी-पक्षी ओळखून डोळ्यावर फोकस धरतो आणि यांत्रिक शटरवर सेकंदाला १५ छायाचित्रे मिळतात. मात्र बांबूच्या जाळीत किंवा बाभळीच्या काट्यांत ही ओळख फसते, तेव्हा एकच फोकस बिंदू निवडण्याचे बटण कोणते ते आधीच बोटांना माहीत असावे. या जोडीची उणीवही सांगतो : एफ ८ मुळे सूर्योदयाच्या वेळी आणि ढगाळ दिवशी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदना, फार वाढवावा लागतो आणि चित्र दाणेदार येते. सकाळी आठनंतरच्या प्रकाशात ती तक्रार राहत नाही.

आणि नेमकी तिथेच सोलापूरची हवा आडवी येते. ऊन चढले की माळरानावर आणि पाण्यावर तापलेल्या हवेच्या लाटा उठतात. ७०-८० मीटरवरच्या धाविकाचे चित्र मग कितीही महागड्या लेन्समधून घेतले तरी पाण्याखालून काढल्यासारखे विरघळलेले येते. कॅमेरा बिघडला समजून तो दुरुस्तीला नेणारे लोक मी पाहिले आहेत. यावर उपाय एकच, अंतर कमी करणे, आणि तेही पक्ष्याच्या मागे जाऊन नव्हे. नान्नजला गाडी नेमलेल्या रस्त्यावर उभी करून, इंजिन बंद ठेवून काचेवर बीन बॅग टेकवावी आणि अर्धा तास स्वस्थ बसावे. चंडोल आणि माळटिटवी आपण होऊन जवळ येतात. बीन बॅगेत ज्वारी भरली तरी चालते, आणि ती सोलापूरकरांना बाहेरून आणावी लागणार नाही.

आपला उद्देश केवळ पक्षी ओळखण्यापुरती नोंद ठेवण्याचा असेल, उडत्या पक्ष्यांचा हव्यास नसेल आणि लेन्स, बॉडी अशी जुळवाजुळव नको असेल, तर पी १०००पेक्षा त्याचा धाकटा भाऊ पी ९५० अधिक सोयीचा आहे. वजन सुमारे एक किलो, झूम २००० मिलिमीटरइतका, आणि त्यात रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, छायाचित्रेही घेता येतात. २०१५च्या पी ९००मध्ये रॉची सोय नव्हती, म्हणून तो कोणी स्वस्तात देऊ केला तरी विचार करावा. वाचलेल्या पैशांतून ८×४२ची चांगली दुर्बीण घ्यावी. खरे तर ती आधीच घ्यायला हवी होती, परंतु आपल्याकडे ती असेल असे पत्रावरून वाटते.

प्रश्न : आमच्या पनवेलच्या गॅलरीत दयाळ, नाचण, शिंपी आणि कधीकधी तांबट येतो. मोबाइलवर काढलेले फोटो मोठे करून पाहिले की रंगवल्यासारखे दिसतात. त्यासाठी मोठा कॅमेरा घेणे आवश्यक आहे का? (एक वाचक, पनवेल)

उत्तर : आवश्यक नाही. आपण वर्णन केलेला रंगवल्यासारखा परिणाम डिजिटल झूमचा आहे. मोबाइलच्या लेन्सची खरी लांबी संपल्यावर पुढचे चित्र फोन आपल्या अंदाजाने भरून काढतो आणि पिसांच्या जागी गुळगुळीत लेप येतो. फोनला स्वतंत्र टेलिफोटो लेन्स असेल तर तिच्या मूळ पटीवर थांबावे.

आपल्यापाशी एक गोष्ट अशी आहे जी वर पत्र लिहिणाऱ्या काकांपाशी नाही, ती म्हणजे पक्षी तीन मीटरवर येतात. कठड्यावर मातीचे उथळ भांडे पाणी घालून ठेवावे, ते रोज घासून धुवावे, आणि त्याच्या शेजारी कुंडीत एक वाळकी फांदी रोवावी. पाण्यावर उतरण्यापूर्वी पक्षी बहुधा त्या फांदीवर टेकतो. फांदीमागची भिंत किंवा झाड जितके दूर असेल तितकी पार्श्वभूमी मऊ येते. पुढे हौस वाढली, तर कोणत्याही कंपनीची साधी बॉडी आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स या अंतराला पुरून उरते. लेन्स घेताना ती कमीत कमी किती अंतरावर फोकस करते हे मात्र विचारावे. काही लांब लेन्सना अडीच-तीन मीटरच्या आत फोकसच लागत नाही, आणि गॅलरीत तीच पंचाईत होते. बंद काचेआडून फोटो काढू नयेत. खिडकीची काच चित्राची धार घालवते.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. माझ्याकडे निकॉनचा डी ५६०० आणि ७०-३०० लेन्स आहे. पोहरा-मालखेडच्या जंगलात आणि छत्री तलावावर जातो. ४० हजार रुपये साठवले आहेत. नवी बॉडी घ्यावी की सेकंडहँड लेन्स? (एक विद्यार्थी, अमरावती)

उत्तर : लेन्स, यात मला तिळमात्र शंका नाही. बॉडी चार वर्षांत जुनी होते. चांगली लेन्स पुढच्या दोन बॉड्यांना साथ देते. तुझ्या बॉडीचा २४ मेगापिक्सेलचा सेन्सर आजही पुरेसा आहे.

सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० जुन्या बाजारात शोधावी. वजन दोन किलोच्या घरात असल्यामुळे मोनोपॉड (एकपायी टेकू) लागेल, पण ३०० वरून ६०० म्हणजे पक्ष्याची प्रतिमा दुप्पट. निकॉनची २००-५०० एफ ५.६ ही लेन्स माझ्या मते तिच्या वर्गातली सर्वांत भरवशाची आहे. ती मात्र २.३ किलोची आहे आणि सेकंडहँड मिळाली तरी तुझ्या रकमेत बसेलच असे नाही.

एका सापळ्यापासून जपावे. निकॉनची ८०-४००ची पहिली, डी मालिकेतली लेन्स जुन्या बाजारात मोहात पाडणाऱ्या भावाला दिसते. तिचे फोकस बॉडीतल्या मोटरवर चालते आणि डी ३००० व डी ५००० या मालिकांतल्या बॉड्यांत ती मोटर नसते. म्हणजे प्रत्येक पक्ष्यासाठी हाताने कडे फिरवावे लागेल. विकणारा हे सांगतोच असे नाही. मला एकदा एका ओळखीच्या विक्रेत्याने अशी लेन्स ‘अगदी नवीकोरी’ म्हणून दिली आणि दुसऱ्या दिवशी फोन उचलणे बंद केले.

सेकंडहँड लेन्स पाहताना ती स्वतःच्या बॉडीवर लावून बाहेर उजेडात न्यावी. पुढची आणि मागची टोपी काढून एका बाजूने टॉर्च मारावा आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे : कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे, आणि मग भाव कितीही उतरला तरी घेऊ नये. धुळीच्या चारदोन कणांनी काही बिघडत नाही. झूम पूर्ण ताणून, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) पूर्ण उघडे ठेवून, विजेच्या तारेवरच्या कावळ्याचे किंवा पारव्याचे पाचपन्नास फोटो काढावेत आणि ते तिथेच मोठे करून पाहावेत. बिलावरचा आणि लेन्सवरचा क्रमांक जुळतो का हेही तपासावे.

प्रश्न : पक्ष्यांसाठी फुल फ्रेम कॅमेराच हवा असे सगळे सांगतात. ते खरे आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चौकट पक्ष्याने भरता येत असेल तेव्हाच. लेन्स तीच आणि अंतर तेच असेल तर पक्ष्याची प्रतिमा फुल फ्रेमवर आणि त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर सारख्याच आकाराची पडते. फुल फ्रेमवर तिच्याभोवती फक्त आकाश जास्त येते. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर वरच्या उदाहरणातल्या शिंजिराला ४०० मिलिमीटरने सुमारे ६७० पिक्सेल मिळतात, तेवढ्याच मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर हजारावर. नांदूर मधमेश्वरला पक्षी सहसा दूरच असतात, तेव्हा फुल फ्रेमचा बहुतेक भाग आपण घरी येऊन कापूनच टाकणार. तो खर्च लेन्सकडे वळवावा. अंधाऱ्या जंगलात, जवळच्या पक्ष्यांसाठी मात्र मोठ्या सेन्सरचा उपयोग नाकारता येत नाही.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत असते. तिच्याकडून कॅमेरा मागवला तर स्वस्त पडेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : किमतीत फरक पडू शकतो, परंतु अनेक कंपन्यांची हमी ज्या देशात खरेदी झाली तेवढ्यापुरतीच असते. इथले सेवा केंद्र बाहेरून आणलेल्या वस्तूची दुरुस्ती हमीत करील की नाही, हे लेखी विचारून मगच मुलीला त्रास द्यावा. विमानतळावरचे सीमाशुल्कही हिशेबात धरावे. दुकानात जाऊन कॅमेरा हातात घेऊन पाहण्याची संधी यात जाते, आणि ती मला किमतीपेक्षा मोलाची वाटते. दुकानात भिंतीवरच्या घड्याळावर फोकस करून काही कळत नाही. दुकानदाराची परवानगी घेऊन दारात यावे आणि रस्त्यावरच्या चिमण्या-कबुतरांवर कॅमेरा रोखून पाहावा. पकडीत करंगळी अधांतरी राहते का, चष्मा लावून व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे दिसतात का, हे तिथेच समजते.

प्रश्न : आमच्याकडे रायगडात पावसाळ्यात तिबोटी खंड्या घरटे करतो. ओढ्याकाठी प्रकाश इतका कमी असतो की फोटो काळे येतात. कोणता फ्लॅश घ्यावा? (एक वाचक, माणगाव)

उत्तर : कोणताच घेऊ नये, आणि घरट्यापाशी कॅमेराही नेऊ नये. हा पक्षी जेमतेम १३-१४ सेंटिमीटरचा. ओढ्याच्या किंवा रस्त्याच्या कडेच्या मातीच्या दरडीत तो बीळ खणतो आणि पावसाच्या उघडिपीत पिलांना पाली, बेडूक, खेकडे आणून भरवतो. बिळासमोर माणसे उभी राहिली की तो तोंडात भक्ष्य धरून दूर फांदीवर ताटकळतो. आपल्याला त्या वेळी त्याचा सुंदर फोटो मिळतो आणि पिले उपाशी राहतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देण्याचा समावेश केला आहे, हे आपल्याकडील फार थोड्या छायाचित्रकारांना ठाऊक असते.

घरट्यापासून लांब, ओढ्यावरच्या त्याच्या नेहमीच्या फांदीपासून अंतर राखून, तंबू किंवा छत्रीआड बसता येत असेल तर फ्लॅशची गरज राहत नाही. बसलेला खंड्या काही क्षण दगडासारखा स्थिर असतो. त्या क्षणी लेन्सचे कंपनरोधन चालू ठेवून, मोनोपॉडवर शटर १/१२५पर्यंत उतरवावे आणि लागोपाठ दहा-बारा फोटो घ्यावेत; त्यांतला एखादा तरी स्वच्छ येतो. आयएसओ ६४०० झाला तर होऊ द्यावा, रॉमध्ये घेतलेल्या चित्रातले दाणे घरी संगणकावर बरेच कमी करता येतात. खरेदीच करायची असेल तर ती एफ ४च्या लेन्सची करावी, मग ती ३०० मिलिमीटरची का असेना, कारण एफ ८च्या तुलनेत एफ ४ला चौपट प्रकाश आत येतो. पावसात वापरायची म्हणून बॉडीला आणि लेन्सला पाण्यापासून संरक्षण आहे का, हे पाहावे. शटरचा आवाज बंद करता येणारी बॉडी असेल तर उत्तम.

प्रश्न : नवीन लेन्सला पहिल्याच पावसाळ्यात बुरशी आली. ती कंपनीने दिलेल्याच पाकिटात, कपाटात जपून ठेवली होती. काय चुकले? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : जपून ठेवली, हेच चुकले. कापडी आणि चामडी पाकिटे ओल धरतात, आणि बंद कपाटातली अंधारी, कोंदट हवा बुरशीला मानवते. जून ते सप्टेंबर लेन्स घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी आणि आत आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र ठेवावे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. जेलचा रंग बदलला की ते कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येते, मात्र ती कढई स्वयंपाकाला घेऊ नये. आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली नेण्याचीही गरज नाही, फार कोरड्या हवेत लेन्सवरचे रबर कडक होते. उघडीप मिळेल त्या दिवशी लेन्स बाहेर काढून अर्धा तास उजेडात वापरावी. आलेली बुरशी बाहेरच्या काचेवर असेल तर ती पुसून निघते. आत असेल तर स्वतः स्क्रू काढण्याचा मोह टाळून ती जाणकार कारागिराकडे लवकर न्यावी, कारण बुरशी काचेवरचा लेप खाऊ लागली की नंतरच्या सफाईने डाग जात नाही. तोवर ती लेन्स इतर लेन्सच्या डब्यात ठेवू नये.